जुनी सांधेदुखी: गोळी केव्हा घ्यायची आणि पाय किती चालवायचे

तीन महिन्यांहून जास्त काळ दुखणारा सांधा चार दिवसांच्या विश्रांतीने बरा होत नाही. या दुखण्यात नव्याने पडलेली माणसं बहुधा दोन टोकांना जातात. काही जण किडनीच्या धास्तीने गोळीला हातच लावत नाहीत आणि दुखतं म्हणून हालणंही बंद करतात. काही जण सकाळी गोळी गिळून दिवसभर राबतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पलंगावरून उठवत नाही. पहिल्यांचे स्नायू आटतात, दुसऱ्यांचा सांधा सुजतो. गोळीने दुखणं शून्यावर येईल ही अपेक्षा आधी सोडून द्या. दहापैकी सातवर असलेलं दुखणं तीन-चारवर आलं की चालता येतं, व्यायाम करता येतो. आणि टिकणारा फायदा त्या व्यायामाचा असतो. गोळी ही त्यासाठी मिळालेली मुभा आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या ती मुभा नीट वापरण्याच्या आहेत.

पायरी १: दुखणं कोणत्या जातीचं, हे आधी ठरवून घ्या

झिजेचा संधिवात असेल तर सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो आणि वापर वाढला की संध्याकाळी दुखणं वाढतं. गुडघा, खुबा, हाताच्या अंगठ्याचं मूळ ही त्याची नेहमीची ठिकाणं. आमवातात (रुमेटॉइड संधिवातात) उलट चित्र असतं: सकाळी बोटं मिटायला तास-तास लागतो, दोन्ही हातांचे लहान सांधे सारखेच सुजतात, हात लावला तर गरम लागतात, आणि थोडं हललं की बरं वाटतं. गाउट म्हणजे युरिक अॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा संधिवात. त्याचा झटका रात्रीतून येतो, बहुतेकदा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी. सांधा लालबुंद होतो आणि चादरीचा स्पर्शसुद्धा नकोसा होतो.

हा फरक समजणं गरजेचं आहे, कारण आमवातात नुसत्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर दुखणं दबतं आणि आत सांधा खराब होणं चालूच राहतं. सुजलेले सांधे आणि सकाळचा लांब ताठरपणा सहा आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर थेट संधिवाततज्ज्ञांना गाठा. गाउटबद्दल एक लक्षात ठेवा: ऐन झटक्यात रक्तातलं युरिक अॅसिड नॉर्मल दिसू शकतं. झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

एक्स-रेचा अहवाल वाचून घाबरायचं कारण नाही. झीज भरपूर दिसते पण दुखणं बेताचं, किंवा एक्स-रे जवळजवळ स्वच्छ पण जिना चढवत नाही, अशी दोन्ही तऱ्हेची माणसं असतात. उपचार माणसाच्या हालचालीवर ठरतात.

पहिली गोळी घेण्याआधी, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगायच्या गोष्टी: पोटात कधी अल्सर किंवा रक्तस्राव झाला होता का, किडनीचा, यकृताचा किंवा हृदयाचा आजार आहे का, दमा आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, गर्भधारणा आहे किंवा ठरवलेली आहे का. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, नावं आठवत बसू नका. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) यांचे आजचे आकडे लिहून ठेवा. पुढे काही बिघडलं तर तुलना याच आकड्यांशी होते.

पायरी २: गुडघा किंवा हात असेल तर सुरुवात लावायच्या औषधाने

डायक्लोफिनॅकचं जेल हे गुडघ्याच्या आणि हाताच्या झिजेसाठी पहिलं औषध म्हणून उत्तम आहे. गोळीच्या मानाने त्याचा फार थोडा अंश रक्तात जातो, म्हणून पोटाला आणि किडनीला त्रास कमी. तरीही निम्म्याहून जास्त लोक ‘जेलने काही होत नाही’ म्हणून ते सोडतात असं वाटावं, इतकी ही तक्रार ऐकू येते. आणि बहुतेकदा कारण एकच, मात्रा. बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढं घेऊन चोळलं तर काहीच होणार नाही. १ टक्क्याचं जेल गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम लागतं, दिवसातून चार वेळा. काही पाकिटांत प्लॅस्टिकची मोजपट्टी येते, तिच्यावर ४ ग्रॅम म्हणजे साधारण ११ सेंटिमीटर लांबीची जेलची ओळ. हाताला किंवा मनगटाला याच्या निम्मं, २ ग्रॅम. हिशेब केला तर एका गुडघ्याला दिवसाला १६ ग्रॅम होतात. ३० ग्रॅमची नळी दोन दिवसही पुरत नाही. तीच नळी महिनाभर पुरत असेल, तर औषधाची परीक्षा झालेलीच नाही. सगळे सांधे मिळून दिवसाची मर्यादा ३२ ग्रॅम. २ टक्क्यांच्या आसपासचं जास्त तीव्र जेल असेल तर ते दिवसातून दोनदाच असतं, त्यामुळे नळीवरची टक्केवारी वाचा.

जेल गुडघ्याच्या वाटीभोवती, दोन्ही कडांना आणि मागेही लावा. जोर लावून चोळायची गरज नाही, त्वचेत मुरेपर्यंत हलक्या हाताने फिरवा. दहा मिनिटं कपडा चढवू नका. त्यावर पट्टी बांधायची नाही, गरम पिशवी ठेवायची नाही. उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं आणि कातडी भाजल्यासारखी होते. हात धुवा. मात्र जेल हातालाच लावलं असेल तर तासभर थांबा. जखमेवर, पुरळावर लावू नका. दोन आठवडे पूर्ण मात्रेत नेमाने लावूनच निकाल ठरवा. आणि खुब्याला लावून वेळ घालवू नका: तो सांधा स्नायूंच्या जाड थरांखाली इतका खोल असतो, की औषध तिथवर पोचत नाही.

मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम हा दुसरा पर्याय. ते तीन-चार वेळा, दोन ते चार आठवडे सलग लावावं लागतं आणि पहिले काही दिवस चांगलंच झोंबतं. ते लावलेला हात डोळ्याला लागला की काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

पायरी ३: पॅरासिटामॉल, आणि त्याची चोरटी बेरीज

झिजेच्या दुखण्यात पॅरासिटामॉलचा उपयोग लोक समजतात त्याहून कमी आहे. पण ज्यांना पुढच्या पायरीतल्या गोळ्या चालत नाहीत, त्यांच्यासाठी ते कामाचं आहे. मोठ्या माणसाला एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तास, आणि २४ तासांत ४००० मिलिग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी, वय जास्त, यकृत कमकुवत किंवा रोज मद्य घेण्याची सवय असेल तर मर्यादा २००० ते ३००० वर येते; नेमका आकडा डॉक्टरांकडून घ्या.

चूक होते ती बेरजेत. ६५०ची गोळी तीन वेळा म्हणजे १९५०. त्यात सर्दी झाली म्हणून घेतलेल्या गोळीत ५००, तीही तीनदा, म्हणजे १५००. शिवाय कंबरेसाठी आणलेल्या मिश्र गोळीत ३२५, दोनदा, म्हणजे ६५०. एकूण ४१००, आणि घेणाऱ्याला वाटतं आपण तीन वेगळी औषधं घेतली. पाकिटाच्या मागे घटकांची बारीक यादी असते. ती एकदा भिंगातून का होईना, वाचाच. यकृताला झालेली इजा पहिल्या दिवशी फारशी जाणवत नाही, म्हणून जास्त गोळ्या गेल्या असतील तर बरं वाटत असलं तरी लगेच रुग्णालयात जा.

पायरी ४: सूज उतरवणाऱ्या गोळ्या

आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच कुळातली औषधं. उपयोग चांगला, पण खोड्याही त्याच करतात. हे कुळ शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी करतं. ती सांध्यात दुखणं वाढवतात, पण जठराचं अस्तर सांभाळायला आणि किडनीत रक्तपुरवठा चालू ठेवायलाही तीच लागतात. म्हणून फायदा आणि तोटा एकाच दारातून येतात.

नियम थोडेच आहेत, पण मोडायचे नाहीत. या कुळातली एका वेळी एकच गोळी. सकाळी एक आणि रात्री दुसऱ्या नावाची, असं नाही. जेल भरपूर लावत असाल तर गोळी सुरू करताना तेही डॉक्टरांना सांगा. जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत. उपयोग होईल ती सर्वांत लहान मात्रा. स्वतःहून घ्यायच्या आयबुप्रोफेनची दिवसाची मर्यादा १२०० मिलिग्रॅम, म्हणजे ४००ची गोळी तीन वेळा. दहा दिवसांहून जास्त लागत असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वय ६५च्या पुढे असेल किंवा पूर्वी अल्सर झाला असेल, तर सोबत ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी लागते. ती जेवणानंतर घेऊन उपयोग नाही, सकाळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायची. ‘पोटात कधी दुखलं नाही’ यावर विसंबू नका. वयस्क माणसांत अल्सर न दुखताच रक्त वाहू लागू शकतो.

सर्वांत धोक्याचं त्रिकूट म्हणजे रक्तदाबाची रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वर ही वेदनाशामक. तिन्ही मिळून किडनीतला दाब पाडतात. त्यात जुलाब-उलट्या झाल्या, ताप आला किंवा उन्हात पाणी कमी पडलं, की क्रिएटिनिन झपाट्याने चढतं. अशा आजारपणात वेदनाशामक लगेच बंद करा आणि बाकीच्या दोन गोळ्यांबद्दल डॉक्टरांना फोन करून विचारा. हृदयासाठी कमी मात्रेचं अॅस्पिरिन चालू असेल, तर आयबुप्रोफेन त्याच्या कामात आडवं येतं. साधं अॅस्पिरिन आधी घ्या आणि आयबुप्रोफेन किमान अर्ध्या तासाने. अॅस्पिरिन वेष्टन असलेलं असेल तर ही युक्ती खात्रीची नाही, दुसरी गोळी मागा. एटोरिकॉक्सिब पोटाला सौम्य असली तरी रक्तदाब वाढवते. १४०/९० च्या वर दाब असताना ती घ्यायची नाही. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर हे कुळच टाळायचं असतं, आणि त्याआधीही विचारल्याशिवाय नाही.

पूर्ण मात्रेत दोन आठवडे घेऊन फरक नसेल, तर तीच गोळी पुढे रेटण्यात अर्थ नाही.

पायरी ५: गोळीची वेळ हालचालीला बांधा

दुखून बेजार झाल्यावर रात्री गोळी घ्यायची, ही सर्वसाधारण पद्धत. त्यात त्या दिवसाचा व्यायाम बुडालेलाच असतो. पॅरासिटामॉलला काम करायला अर्धा ते एक तास लागतो, आयबुप्रोफेनला एक तास धरा. सकाळी दहाला फिरायला जायचं असेल, तर नऊच्या खाण्यानंतर गोळी. सकाळच्या ताठरपणातच जाग येत असेल, तर लांब टिकणारी नॅप्रोक्सेन रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे.

गोळी घेऊन व्यायाम केला तर दुखणं झाकलं जाऊन इजा होईल, अशी भीती असते. ती खोटी नाही, पण तिला उत्तर आहे: गोळीच्या दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा आणि फेऱ्यांपेक्षा एकही जास्त करायची नाही. बरं वाटतंय म्हणून माळा आवरायला काढायचा नाही.

मोजमापासाठी शून्य ते दहाची पट्टी वापरा. व्यायाम करताना दुखणं तीनपर्यंत असेल तर चालू ठेवा. चार-पाच असेल तर चालेल, पण त्या आठवड्यात वाढ नाही. सहा किंवा त्याच्या वर गेलं तर थांबा आणि पुढच्या वेळी निम्मं करा. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. २४ तासांत दुखणं आधीच्या पातळीवर परतलं आणि नवी सूज नसेल, तर मात्रा बरोबर होती.

पायरी ६: स्नायू

‘गुडघ्यातलं वंगण संपलंय, आता चालू नका’ हा सल्ला अजून ऐकू येतो. कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीत, रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण सांध्यातल्या द्रवातून मिळतं, आणि तो द्रव आत-बाहेर होतो तो भार पडण्याने आणि सुटण्याने. न चालवलेल्या सांध्याची उपासमार होते. शिवाय चालताना गुडघ्यावर वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. मांडीचा पुढचा स्नायू तो झेलतो, आणि गुडघा दुखू लागला की सर्वांत आधी आटतोही तोच.

पहिले दोन आठवडे एवढंच करा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि गुडघ्याने टॉवेल खाली दाबा. पाच सेकंद धरा, सोडा, दहा वेळा. मांडीवर हात ठेवून पाहा: स्नायू दगडासारखा कडक झाला पाहिजे. नुसती टाच वर उचलली जात असेल आणि मांडी मऊच असेल, तर जोर चुकीच्या ठिकाणी जातोय. श्वास रोखू नका. मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. नंतर पाठीवर झोपून एक गुडघा वाकवा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाच सेकंद धरा आणि सावकाश खाली आणा. पाय फार वर नेला की कंबरेत कमान होते आणि पाठ धरते. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, आठवड्यातले बहुतेक दिवस.

तिसऱ्या आठवड्यापासून खुर्चीतून उठ-बस. खुर्ची भिंतीला टेकवा, उशी ठेवून बैठक उंच करा, दोन पावलांत खांद्याइतकं अंतर ठेवा. उठताना गुडघे आत वळत असतील तर पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आणा. बसताना धप्पकन पडू नका, तीन मोजत बसा. ताकद या सावकाश बसण्यातच येते. आठ वेळा, एक मिनिट विश्रांती, पुन्हा आठ. सोपं झालं की उशी काढा. खुब्याच्या दुखण्यात पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं यांची भर घाला.

चालण्याचं गणित वाईट दिवसावर बांधा. वाईट दिवशी विनासायास दहा मिनिटं चालता येत असेल, तर रोज दहाच, चांगल्या दिवशीही दहाच. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे एका सलग अर्ध्या तासाइतकेच चांगले, आणि दुखऱ्या गुडघ्याला जास्त मानवतात. शेवटी पोचायचं ते आठवड्याला १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीपर्यंत, पण त्याला काही महिने लागले तरी हरकत नाही. चालणं अजिबात झेपत नसेल तर पोहण्याच्या तलावात छातीपर्यंतच्या पाण्यात चाला किंवा स्थिर सायकल चालवा. सीट इतकी उंच ठेवा, की पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. खाली ठेवलेली सीट गुडघ्याची वाटी घासवते.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, आणि ती दुखऱ्या पायासोबतच पुढे टाकायची. हात मोकळा सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी, ही तिची उंची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. ताठरपणाला गरम शेक, ताज्या सुजेला थंड. दोन्ही १५ ते २० मिनिटं, मध्ये कपडा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

पायरी ७: आमवात आणि गाउटची औषधं

आमवाताचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. हे चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा आणि गोळ्या भरून देणाऱ्या घरच्यांनाही तोच वार सांगा. फॉलिक अॅसिड वेगळ्या दिवशी. फरक पडायला सहा ते बारा आठवडे जातात, त्यामुळे महिन्याभरात ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडू नका. रक्ताच्या तपासण्या सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी असतात, त्या चुकवू नका. ताप, घसा, तोंडात फोड किंवा कोरडा खोकला-दम सुरू झाला तर पुढची मात्रा थांबवून आधी डॉक्टर. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) काही आठवडे घेतलेलं असेल तर एकदम बंद करायचं नाही, पायरीपायरीने उतरवायचं.

गाउटमध्ये युरिक अॅसिड कमी करणारं अॅलोप्युरिनॉल चालू असताना झटका आला, तर ते बंद करू नका. झटक्याचं औषध त्यासोबत घ्या. युरिक अॅसिड दर डेसिलिटर रक्तात ६ मिलिग्रॅमच्या खाली टिकवणं हे लक्ष्य.

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे ते तीनेक महिने आराम देतं. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते. त्या आरामाच्या काळात स्नायूंचं काम नाही केलं, तर इंजेक्शन वाया गेलं.

पायरी ८: केव्हा थांबायचं, केव्हा धावायचं

दुखणं उसळलं तर दोन-तीन दिवस चालणं निम्मं करा, टॉवेल दाबणं चालू ठेवा, थंड शेक घ्या, गोळी ठरलेल्या वेळी घ्या. पूर्ण आडवं पडू नका. उसळी ओसरल्यावर आधीच्या आठवड्याच्या मात्रेपासून सुरुवात करा.

एकच सांधा अचानक गरम, लाल, सुजलेला आणि सोबत ताप किंवा थंडी, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो: त्याच दिवशी, तासाभरात रुग्णालय. डांबरासारखी काळी चिकट शौच किंवा रक्ताची उलटी, छातीत दुखणं, अचानक दम लागणं, लघवी फार कमी होऊन पायांवर सूज, डोळे पिवळे होणं, पडल्यावर पायावर भारच न टाकता येणं, यांतही थांबायचं नाही. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. पण ती चिकट, उग्र वासाची नसते. शंका असेल तर दाखवाच.)

सूज उतरवणारी गोळी रोजची झाली असेल तर दोन ते चार आठवड्यांनी रक्तदाब आणि क्रिएटिनिन पुन्हा पाहा. वहीत रोज एक ओळ पुरे: सकाळचा ताठरपणा किती मिनिटं, चालणं किती मिनिटं, गोळ्या किती, दुखणं किती. सहा आठवड्यांनी चालण्याची मिनिटं वाढलेली आणि दुखणं स्थिर दिसलं, तर डॉक्टरांशी बोलून आधी दुपारची मात्रा काढा, आठवडाभर आकडे पाहा, मग रात्रीची. व्यायामाआधीची गोळी सर्वांत शेवटी काढायची.